खत कशाला म्हणायचं आणि टॉनिक कशाला?

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर फेरस सल्फेटची पुडी आणि समुद्रशेवाळ अर्काची बाटली शेजारी शेजारी असतात. दोन्ही एकाच पंपातून पिकावर जातात आणि बोलण्यातही दोन्हीला "पिकाला खायला" असंच म्हटलं जातं. पण यातली पुडी अन्न आहे, बाटली म्हणजे टॉनिक मात्र अन्न नाही. हा फरक ओळखला नाही की नत्र कमी पडलेल्या उसावर टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि ऊस पिवळा तो पिवळाच राहतो.

अन्नद्रव्य कशाला म्हणायचं याची कसोटी आरनॉन आणि स्टाउट या दोघांनी 1939 साली कॅलिफोर्नियात मांडली. ते मूलद्रव्य नसेल तर झाडाचं जीवनचक्र पुरं होत नाही, त्याची उणीव दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही आणि झाडाच्या पोषणात त्याचा थेट वाटा असतो. या कसोटीवर आज 17 मूलद्रव्यं धरली जातात. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवापाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक जास्त लागतात. लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन आणि निकेल अगदी थोडे लागतात. या यादीत ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातलं आम्ल), अमिनो आम्लं, शेवाळ, गूळ यांपैकी काहीही नाही.

"दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही" ही अट उसाच्या एका पानावर पाहता येते. चुनखडीच्या जमिनीत केवडा पडतो तेव्हा कोवळी पानं पिवळी-पांढरी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. (नत्राच्या कमतरतेत उलट होतं. जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून शेंड्याकडे नेतं. लोह असं हलत नाही.) 200 मिली पाण्यात आधी चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि मग 1 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवा, स्टिकरचा (द्रावण पानाला चिकटवणाऱ्या औषधाचा) एक थेंब टाका आणि ब्रशने पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला लावा. पानाला दोरा बांधून खूण करा. आठवडाभरात लावलेल्या बाजूला हिरवेपणा येऊ लागला आणि दुसरी बाजू पिवळीच राहिली, तर उणीव लोहाची आहे. पुडीतले खडे फिकट हिरवे असले पाहिजेत. तपकिरी पडलेली पूड गंजलेली असते, तिचा उपयोग नाही. द्रावणही त्याच दिवशी वापरायचं.

आता टॉनिक. कायद्यात त्याला जैवउत्तेजक म्हणतात आणि 2021 पासून ते खत नियंत्रण आदेशाखाली आलं आहे. व्याख्येतच म्हटलं आहे की अशा पदार्थाचं मुख्य काम झाडाच्या शरीरक्रियेला चालना देणं आहे, मग त्यात अन्नद्रव्य कितीही असो. म्हणजे मुळं वाढवणं, ताण सोसायला मदत करणं, जमिनीत आहे ते उचलायला लावणं. ह्युमिकची आळवणी केल्यावर, म्हणजे त्याचं द्रावण मुळाशी ओतल्यावर, केवडा थोडा कमी झालेला दिसू शकतो. तेव्हा ह्युमिकने लोह तयार केलेलं नसतं, जमिनीत अडकून पडलेलं थोडं मोकळं केलेलं असतं. जमिनीतच नसेल तर तेही व्हायचं नाही.

लेबलवर "नत्र 5 टक्के" असं दिसलं की गुणाकार करावा. एकरी अर्धा लिटर फवारलं तर साधारण 25 ग्रॅम नत्र गेलं, म्हणजे मूठभर युरिया. सुरू उसाची (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या उसाची) शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची, एकरी 100 किलो. तेवढं बाटलीतून द्यायचं तर अर्ध्या लिटरच्या 4,000 बाटल्या लागतील. अर्थात मात्रा थोडी म्हणून ते टॉनिक, असंही नाही. मॉलिब्डेनम एकरी काही ग्रॅमच लागतं, तरी ते अन्नद्रव्यच आहे, कारण त्याच्याशिवाय कडधान्याच्या मुळावरच्या गाठींना हवेतलं नत्र बांधता येत नाही.

दोन्ही चांगलं म्हणून एकाच टाकीत ओतणं ही नेहमीची चूक. बाजारातलं ह्युमिक बहुतेक वेळा पोटॅशियम ह्युमेट असतं आणि ते अल्कधर्मी द्रावणातच विरघळलेलं राहतं. त्यात आम्लधर्मी फेरस सल्फेट किंवा कॅल्शियम नायट्रेट पडलं की काळा चोथा खाली बसतो. नोझल तुंबतात आणि दोन्हींचे पैसे जातात. आळवणी वेगळी, फवारणी वेगळी.

द्राक्षावर फवारतात ते जीए (जिबरेलिक आम्ल) हे तिसरंच प्रकरण. ते संजीवक, म्हणजे वाढीचं संप्रेरक आहे, कीटकनाशक कायद्याखाली येतं आणि पेशी लांबवण्याचा हुकूम देतं. 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग). पूड थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. मात्रा चढली की देठ जाड आणि कडक होतो. मण्याची लांबी वाढली म्हणून वेलीला पालाश पोचलं असं होत नाही. ते पान-देठ परीक्षणातच कळतं.

सिलिकॉन मात्र अन्नद्रव्य आणि टॉनिक यांच्या मधे बसतं. त्याच्याशिवाय भात पिकतो, म्हणून जुन्या कसोटीत ते नापास. पण खोड लेचंपेचं राहतं, पीक लोळतं आणि करपा रोग जास्त लागतो. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालण्याला म्हणून अर्थ आहे. व्याख्या थोडी सैल करावी असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत आणि सिलिकॉनपुरतं ते पटतं.

टॉनिकचा उपयोग होतो की नाही हे शेजाऱ्याच्या रानावरून ठरवू नका. माती परीक्षणाप्रमाणे खत सगळीकडे सारखं द्या. मग चार ओळी टॉनिकच्या, चार ओळी नुसत्या पाण्याच्या, असं रानात तीन जागी करा. पाणी दोन्हीकडे तेवढंच हवं, नाहीतर आळवणीच्या पाण्याचा फायदा टॉनिकच्या नावावर जमा होतो. काढणीला वजन वेगवेगळं करा आणि फरकाची किंमत बाटलीच्या किमतीशेजारी लिहा.