केसपेपरवरचा 'स्त्री/पुरुष' रकाना कुठे कमी पडतो?

भातलावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, धास्ती घ्यावी लागते. उंदीर-गुरांच्या मुतातून शेतातल्या पाण्यात उतरलेले जंतू पायाच्या भेगांतून, खरचटल्या जागेतून अंगात शिरतात. म्हणून जोखमीच्या गावांत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम. गर्भाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो म्हणून गरोदरपणात ही गोळी सहसा टाळतात. त्यामुळे बाईला विचारलं जातं, "दिवस गेलेत का?" पुरुषाला कोण विचारणार?

आता त्या चिखलात एक ट्रान्स पुरुष लावणी करतोय असं समजा. जन्माच्या वेळी नोंद मुलगी अशी झाली, पण तो स्वतःला पुरुष म्हणून ओळखतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) इंजेक्शनं चालू आहेत, दाढी आली आहे, आवाज फुटला आहे. गर्भाशय आणि बीजांडकोश मात्र शाबूत आहेत. टेस्टोस्टेरॉनने पाळी बहुधा बंद होते, म्हणून गर्भ राहणारच नाही असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. हे औषध गर्भनिरोधक नव्हे, आणि पाळी बंद असतानाही गर्भ राहू शकतो. यादीत 'पु' लिहून पुढे गेलं की हा प्रश्न विचारायचाच राहतो. 'स्त्री' लिहिलं तर प्रश्न विचारला जाईल, पण चार लोकांसमोर त्याचा अपमान होईल आणि पुढच्या वेळी तो आरोग्य केंद्राची पायरी चढणार नाही.

लिंगाच्या त्या एका रकान्याकडून आपण चार उत्तरं मागत असतो: या माणसाला हाक कशी मारायची, जन्माची नोंद काय, आज शरीरात कोणते अवयव आहेत आणि रक्तात कोणतं संप्रेरक आहे. बहुतेकांच्या बाबतीत चारही उत्तरं जुळतात, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. पारलिंगी, म्हणजे ट्रान्स, माणसाच्या बाबतीत ती जुळतीलच असं नाही, आणि अडतं ते थेट उपचारात.

रक्ताचा रिपोर्ट घ्या. लेप्टोतून उठलेल्या माणसाची मूत्रपिंडं पूर्ववत झाली का, हे पाहायला क्रिएटिनिन तपासतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. पुरुषांचे स्नायू सरासरीने जास्त, म्हणून मूत्रपिंडाची क्षमता काढायच्या सूत्रात वयासोबत लिंगही घालावं लागतं. तिशीतल्या माणसाचं क्रिएटिनिन १.२ आलं, तर २०२१ सालच्या प्रचलित सूत्राने 'पुरुष' लिहिल्यास क्षमता (मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळलं जातं ती) साधारण ८३ येते आणि 'स्त्री' लिहिल्यास ६२. रक्त तेच, आकडा तोच, रकाना तेवढा बदलला. ८३ पाहून डॉक्टर निश्चिंत होतील. ६२ पाहून औषधांचा हात आखडतील, पुन्हा तपासणीला बोलावतील. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचे स्नायू काही महिन्यांत वाढतात, त्यामुळे केवळ जन्मनोंदीवर विसंबून चालत नाही. अशा वेळी दोन्ही आकडे काढून रुग्णाकडे नीट पाहणं, किंवा स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही तपासणी करणं, हा शहाणपणाचा मार्ग. पण त्यासाठी संप्रेरकं चालू आहेत हे कागदावर हवं. हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. रक्तक्षयाची सीमारेषा पुरुषांना १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांना १२. वर्षभर टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं १२.४ आलं, तर 'स्त्री' लिहिलेल्या रिपोर्टवर खूण उमटत नाही, आणि शोधायला हवा असलेला रक्तक्षय निसटतो.

'हार्मोन्स चालू' एवढीच नोंदही पुरत नाही. गणपतीला मुंबईहून रात्रभर एसटीत बसून गावी आलेल्या ट्रान्स स्त्रीची (जन्मनोंद मुलगा, ओळख स्त्री) एकच पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर शिरेत गुठळी झाली असेल का, हा पहिला संशय हवा. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसणं हे एक कारण, ती घेत असलेलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दुसरं. त्यातही फरक आहे. त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्राडिओलने (हा इस्ट्रोजेनचाच प्रकार) गुठळीचा धोका तोंडावाटे घेतलेल्या गोळीपेक्षा कमी असतो. डॉक्टरकडे जायची सोय किंवा हिंमत नसलेल्या कितीतरी जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून घेतात. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं, त्याने धोका आणखी वाढतो. म्हणून कोणतं औषध, किती, कशावाटे, कुणाच्या सल्ल्याने, हे सगळं विचारायचं. ओरडून नव्हे; ओरडलं की खरं उत्तर मिळत नाही.

'लिंगबदल शस्त्रक्रिया' हा शब्द मला उपचारांच्या कागदावर निरुपयोगी वाटतो. असं एक ऑपरेशन नसतंच. छातीचं वेगळं, गर्भाशय काढण्याचं वेगळं, अंडकोष काढण्याचं वेगळं, योनी घडवण्याचं आणखी वेगळं. कुणी यातलं एक करून घेतं, कुणी एकही नाही. योनी घडवली तरी प्रोस्टेट ग्रंथी आतच राहते आणि उतारवयात तिचा विचार करावा लागतो. गर्भाशयमुख असेल, तर दाढी असो वा नसो, त्याच्या कर्करोगाची तपासणी हवी. सरकारी तपासणी ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. 'पुरुष' नोंद झालेला त्या यादीतच येत नाही.

निदानाचे शब्दही बदलले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, पारलिंगी माणसांसाठीच्या निदानाची नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आणि तिला लिंगभावातली विसंगती, म्हणजे स्वतःची लिंगओळख आणि जन्मनोंद न जुळणं, म्हटलं. म्हणजे तो मनोविकार नाही, पण उपचारांचा हक्क शाबूत राहावा म्हणून नोंद ठेवली आहे. त्यामुळे फाइलवर 'लैंगिक विकृती' किंवा 'नपुंसक' लिहिणं चूक आहे. दुसऱ्या शब्दाचा तर इथे संबंधच नाही. आंतरलिंगी असणं ही जन्मतः शरीररचनेतल्या वेगळेपणाची गोष्ट, तीही यात मिसळू नये. आणि दशावतारात स्त्रीपार्ट रंगवणारा नट ही भूमिका झाली. त्यावरून त्याच्या लिंगभावाबद्दल काहीच ठरत नाही.

बोलताना मराठी आपल्याला मदत करते. 'तू कधी आलास' की 'आलीस' हा पेच 'तुम्ही कधी आलात' म्हटलं की उरत नाही. 'गोळ्या घेता का', 'काय खाल्लंत', कुठेच लिंग उघडं पडत नाही. नाव पुकारताना श्री.-सौ. गाळून आडनाव घ्यावं. तृतीयपंथी, पारलिंगी, ट्रान्स यांतला कोणता शब्द रुग्णाला आपला वाटतो, ते त्यालाच विचारावं. 'हिजडा' हा शब्द त्या समाजातली माणसं स्वतःसाठी अभिमानाने वापरतात, पण म्हणून ओपीडीच्या खिडकीतून तो फेकायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आहे.

सगळंच सगळ्यांना विचारायचं, असंही नाही. ताप-खोकल्याच्या रुग्णाकडे ऑपरेशनचा इतिहास उकरून काढणं म्हणजे निव्वळ चौकशी. पण अंगणातल्या शेवाळावर घसरून चाळिशीतच मनगट मोडलेली हिजडा समाजातली व्यक्ती समोर आली, तर पडदा ओढून हळू आवाजात विचारायला हवं: अंडकोष काढले आहेत का, आणि त्यानंतर संप्रेरकं घेतली का? कारण टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन दोन्हींचा आधार नसेल, तर हाडं वर्षागणिक विरळ होत जातात, आणि नुसतं प्लास्टर घालून त्या रुग्णाचं काम पूर्ण होत नाही.