बेड्या वाहिलेल्याच्या डोक्यावर हात कशाला?

बायबलमधले ईयोबाचे पुस्तक आपण दुःखाचे पुस्तक म्हणून वाचतो, आणि त्याची दोन टोके नजरेतून निसटतात. पहिल्याच अध्यायात ईयोब पहाटे उठून मुलांसाठी होमार्पणे करतो; पोरांनी मनातल्या मनात देवाचा अवमान केला असेल तर, ही त्याची धास्ती. शेवटच्या अध्यायात तोच ईयोब मित्रांसाठी प्रार्थना करतो. हे तेच मित्र, ज्यांनी तो राखेत बसला असताना त्याला उपदेशाचे डोस पाजले होते. त्याचे दिवस पालटतात ते या प्रार्थनेनंतर. मधल्या सगळ्या अध्यायांत फक्त वेदना आणि वाद. ख्रिस्ती विचारात दुःख, प्रार्थना आणि याजकपण (दुसऱ्यांच्या वतीने देवापुढे उभे राहणे) यांची जी सांगड पुढे घातली गेली, तिचे बीज मला इथे दिसते.

मंदिराच्या काळातला नियम मात्र नेमका उलटा होता. यरुशलेमच्या मंदिरात प्रमुख याजक वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सर्वांत आतल्या दालनात, जाई. तो पहिला प्रमुख याजक अहरोन याच्या वंशातला तर हवाच, पण अव्यंगही हवा. लेवीय पुस्तकाच्या २१व्या अध्यायात यादीच आहे: आंधळा नको, लंगडा नको, हात किंवा पाय मोडलेला नको. अशा माणसाने पवित्र अन्न खावे, पण वेदीजवळ जाऊ नये. लोकांची दुखणी देवापुढे नेणारा स्वतः धडधाकट असला पाहिजे, असा तो हिशेब.

नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’ने हा हिशेब उलटवला. येशू तर यहूदा वंशातला, याजकांच्या लेवी वंशाशी त्याचा संबंध नाही. मग तो याजक कसा? पत्रलेखक उत्पत्तीच्या १४व्या अध्यायातल्या मलकीसदेक या राजा-याजकाचा दाखला देतो, पण त्याचा खरा मुद्दा पाचव्या अध्यायात येतो: या याजकाने मोठा आक्रोश करत, आसवे गाळत प्रार्थना केल्या आणि जे सोसले त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. त्याची जखम त्याला वेदीपासून दूर ठेवत नाही, तीच त्याची पात्रता ठरते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले, यज्ञ थांबले, आणि ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हा विचार मूळ धरत गेला.

एक गोष्ट आज वाचताना चटकन ध्यानात येत नाही. नव्या करारात मंडळीतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला ‘याजक’ म्हटलेले नाही. तिथे ‘वडील’ (म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ) आहेत, ‘अध्यक्ष’ आहेत, ‘सेवक’ आहेत. ‘याजक’ हा शब्द ख्रिस्तासाठी आणि सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी मिळून येतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातले ‘राजकीय याजकगण’ (राजाचे याजक या अर्थी) आठवा. आज कॅथलिक ‘धर्मगुरू’ म्हणतात आणि प्रोटेस्टंट ‘पाळक’, त्यामागे हा जुना पेच आहे.

पहिल्या तीन शतकांत तर दुःखच दीक्षा देते की काय, अशी वेळ आली होती. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना जाळण्यात आले. त्यांच्या मरणाचा वृत्तान्त सांगतो की चितेवर त्यांनी केलेली प्रार्थना वेदीवरच्या प्रार्थनेसारखी होती: मला मान्य अर्पण म्हणून स्वीकार. आणि जवळ उभे असलेल्यांना जळत्या मांसाचा नव्हे, भाजत्या भाकरीचा भास झाला. अर्पण करणारा आणि अर्पण एकच.

यापेक्षा थक्क करणारे कलम आहे ते ‘अपोस्टॉलिक ट्रॅडिशन’ या जुन्या नियमग्रंथात. रोमच्या हिप्पोलितसचा म्हणून तो ओळखला जातो. अभ्यासकांत त्यावर वाद आहे. कलम असे: प्रभूच्या नावासाठी ज्याने बेड्या वाहिल्या, त्याला वडील करताना डोक्यावर हात ठेवायची, म्हणजे दीक्षेच्या विधीची, गरज नाही, कारण विश्वासाच्या कबुलीनेच त्याला तो मान मिळाला आहे. नुसती टिंगल झाली असेल किंवा घरातल्या घरात छळ झाला असेल, तर मात्र हात ठेवावा. आणि बिशप करायचे असेल, तर बेड्या असोत-नसोत, हात ठेवलाच पाहिजे. दुःखाची अशी प्रतवारी लावणारा नियम वाचून हसावे की गप्प बसावे कळत नाही.

याची कसोटी २५० साली लागली. सम्राट डेसियसने फर्मान काढले: प्रत्येकाने देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती डगमगले. काहींनी बळी न देता पैसे मोजून दाखले मिळवले. या पतितांना परत घ्यायचे कोणी? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ते सरळ तुरुंगात कबुलीदारांकडे गेले, आणि ज्यांनी छळ सोसला होता त्यांनी क्षमेच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. बिशप सिप्रियन यांची तक्रार होती की काही चिठ्ठ्यांवर ‘अमुक आणि त्याची माणसे’ एवढेच असे. किती माणसे, कोण, काही नाही. सिप्रियन यांची बाजूही लंगडी, कारण छळाच्या काळात ते स्वतः लपून राहिले होते. तरी त्यांनी अधिकार बिशपांकडेच ठेवला. २५८ साली त्यांचाच शिरच्छेद झाला.

पुढच्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटस या बिशपच्या अनुयायांनी विचारले, छळात धर्मग्रंथ शत्रूच्या हवाली करणाऱ्याच्या हातून झालेला संस्कार खरा कसा? हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी उत्तर दिले की बाप्तिस्मा पेत्राने दिला काय आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, देणारा ख्रिस्तच. ४११ च्या कार्थेजच्या परिषदेत डोनाटसपंथी हरले. ऑगस्टिन यांचे म्हणणे मला पटते. नाहीतर प्रत्येक संस्काराआधी याजकाचे चारित्र्य तपासत बसावे लागले असते. पण त्याच वेळी याजकपण आणि सोसणे यांचा सांधा सुटला. मध्ययुगात याजक म्हणजे वेदीवर उभा राहणारा, आणि सोसणारा म्हणजे ज्याच्यासाठी मिस्सा (वेदीवरची उपासना) म्हणायची तो.

प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये बाप्तिस्मा झालेले सगळेच याजक असे लिहिले. ‘मला मध्यस्थ नको’ एवढाच त्याचा अर्थ पुढे लावला गेला. त्यांच्या लिखाणात मात्र याजकपण म्हणजे दुसऱ्यासाठी देवापुढे उभे राहण्याचा हक्क. १५३९ मध्ये त्यांनी ईश्वरविद्या शिकायचे तीन मार्ग सांगितले: प्रार्थना, मनन आणि परीक्षेची होरपळ. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये दीक्षित याजकपदाची बाजू ठामपणे मांडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली दोन्ही याजकपणे मान्य केली आणि त्यांतला फरक केवळ दर्जाचा नसून मूळचाच आहे, असेही म्हटले.

नाझींनी बर्लिनच्या तुरुंगात टाकलेले जर्मन पाळक बोनहॉफर यांनी तिथूनच १९४४ मध्ये लिहिले की फक्त सोसणारा देवच साहाय्य करू शकतो. १९८१ च्या गोळीबारातून वाचलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये दुःखावर स्वतंत्र पत्र काढले. त्याचा आधार प्रेषित पौलाचे ते अवघड वाक्य: ख्रिस्ताच्या क्लेशांतले जे उणे ते मी माझ्या देहात भरून काढतो. हे वाक्य आजाऱ्याला धीर देते, पण ‘सोस, यात पुण्य आहे’ म्हणून छळ झालेल्यांची तोंडे बंद करायलाही ते वापरले गेले आहे. पौल मात्र स्वतःच्या देहाबद्दल बोलतो, दुसऱ्याच्या नव्हे.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे आहे. लगेच पुढे ‘एकमेकांसाठी प्रार्थना करा’ असेही आहे. मध्ययुगात हे तेल सरकत सरकत मरणाच्या उंबरठ्यावर गेले; १९७२ च्या सुधारित विधीने ते पुन्हा आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना आणले. जुन्या रोमन विधीत आजारी माणसाच्या तळहातांना तेल लावत. आजारी माणूस स्वतः धर्मगुरू असेल, तर त्याचे हात पालथे करून तेल मागच्या बाजूला लावत, कारण तळव्यांना दीक्षेच्या दिवशीच तेल लागलेले असे.