बुरशी पुसली, विष राहिलं

श्रावणात कोकणातल्या घरात खोबऱ्याची वाटी उलटी करून पाहिली, तर आत हिरवट-पिवळी भुरी दिसली नाही तरच नवल. ती फडक्याने पुसायची, उघडीप मिळाली की उन्हात टाकायची आणि फारच खवट झालं असेल तर घाण्यावर धाडायचं, हा आपला शिरस्ता. त्याने बुरशी जाते. तिने तयार केलेलं विष मात्र खोबऱ्यातच राहतं.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते बनवणाऱ्या ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीला २५ ते ३५ अंश तापमान आणि दमट हवा मानवते. म्हणजे आपला जून ते सप्टेंबर. प्रत्येक बुरशी विषारी नसते, पण कुठली आहे हे नुसतं बघून कळत नाही. अफ्लाटॉक्सिनच्या बी-१ या प्रकाराने यकृताचा कर्करोग होतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. उकळल्याने हे विष जात नाही. भाजल्याने थोडं कमी होतं, इतकंच.

बरं, घाण्यावर गेलेल्या मालाचं काय? तेलापेक्षा जास्त विष पेंडीत राहतं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते ब्राझीलच्या भुईमुगाची पेंड खाऊन. त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. आपल्याकडे पेंड गाई-म्हशींच्या आंबोणात जाते. जनावराच्या पोटात गेलेल्या बी-१चा थोडा भाग एम-१ होऊन दुधात उतरतो. दुधातल्या एम-१साठी भारतात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, ती म्हणूनच.

इथे दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू कामाला येतात. १९९८च्या सुमारास फिनलंडमधल्या संशोधकांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचे काही निवडक वाण बी-१ मिसळलेल्या द्रावणात सोडले. बघता बघता द्रावणातलं सुमारे ८० टक्के विष नाहीसं झालं. जिवाणूंनी ते खाल्लं असणार, असं कुणालाही वाटेल. पण जिवाणू आधी उकळून मारले, तरी काम तेवढंच झालं, किंबहुना जास्तच! मेलेला जिवाणू काय खाणार? गवतातून चालताना धोतराला कुसळं लागावीत, तसं विष जिवाणूच्या पेशीभित्तिकेला नुसतं चिकटतं. पुन्हा पुन्हा धुतलं की त्यातलं थोडं सुटूनही येतं.

चिकटलेलं विष आतड्यात सुटलं तर मग काय मिळवलं? हा प्रश्न रास्त आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे ९० तरुणांवर केलेली चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. असाच एक वाण आणि जोडीला दुसरा एक जिवाणू त्यांना पाच आठवडे दिला गेला. बी-१ने शरीरातल्या डीएनएला केलेल्या इजेची खूण लघवीत सापडते. ती शेवटी ५५ टक्क्यांनी घटली. म्हणजे निदान काही विष तरी रक्तात न जाता बाहेर पडत असावं.

तेव्हा रोज ताक प्या आणि भुरीचं खोबरं खुशाल वाटणाला घ्या? अजिबात नको. चाचण्या झाल्या त्या पारखून घेतलेल्या वाणांवर. आपल्या विरजणात कुठले जिवाणू आहेत, ते घरागणिक बदलतं. शिवाय साध्या द्रावणात दिसलेला जोर प्रत्यक्ष अन्नात तसाच दिसेलच असं नाही. मला विचाराल तर या जिवाणूंची खरी जागा जेवणाच्या ताटात नाही, गोठ्यात आहे. जनावराच्या पोटातच विष अडकलं, तर दुधापर्यंत ते पोचणारच कमी. कोंबड्यांच्या खाद्यात यीस्टच्या पेशीभित्तिका आणि बेंटोनाइट माती याच हेतूने मिसळतात.

ही बुरशी जायफळावरही धरते. त्याला मात्र यातला कुठलाच इलाज लागू पडत नाही. विष चिकटायला ओल हवी, आणि विकायचं जायफळ तर खडखडीत वाळलेलं. त्यातून बरीचशी फळं तडकतात ती ऐन पावसात. युरोपात जायफळाला बी-१ची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. ती पाळायची तर पडलेली फळं रोजच्या रोज वेचायची आणि उन्हाची वाट न बघता वाळवणयंत्रात घालायची.