तारेला झोळ हवाच

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर मध्यंतरी एक व्हिडिओ फिरत होता. डोंगराच्या कडेला उभा पोलादी मनोरा, त्याच्या टोकापासून समोरच्या उतारापर्यंत गेलेली तार आणि त्या तारेला लटकून दरीवरून येणारे तीन-चार ओंडके. खाली आमच्या मेहुण्यांचा शेरा होता, ‘तार बघा किती ढिली सोडलीय. कसून ताणली असती तर दुप्पट माल आला असता.’ त्याला सात अंगठे मिळाले.

माझं नोकरीचं आयुष्य उच्चदाब वाहिन्यांच्या टॉवरांखाली गेलं, त्यामुळे हा शेरा मला झोंबला. रायगडच्या रोपवेच्या रांगेतही हेच ऐकू येतं. ताणलेलं ते मजबूत आणि लोंबतं ते कमकुवत, ही समजूत शाळेतल्या विज्ञानाने काही पुसली गेलेली नाही. म्हणून हा लेख.

व्हिडिओतल्या यंत्राला यार्डर म्हणतात. तोडलेलं झाड जिथे पडलं तिथून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेपर्यंत ओढत आणायचं, एवढंच त्याचं काम. त्याचं मूळ कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या युरेका गावात आहे. तिथले लाकूडव्यापारी जॉन डॉलबीर यांनी 1882 साली ‘स्टीम डॉन्की’चं पेटंट घेतलं. उभा बॉयलर, एक सिलिंडर आणि दोर गुंडाळायला एक फिरता खांब, असा तो सुटसुटीत मामला होता. त्याआधी रेडवूडचे अवाढव्य बुंधे बैलांच्या जोड्या लावून, आडव्या ओंडक्यांच्या वाटेवर चरबी चोपडून ओढत असत. पहिल्या डॉन्कीचा दोर तागासारख्या मनिला धाग्याचा होता आणि तो परत जंगलात न्यायला घोडा लागायचा. पुढे पोलादी वायर रोप आला आणि रिकामा दोर मागे खेचायला दुसरा, बारीक दोर व दुसरा ड्रम आला. घोडा सुटला. अख्खं यंत्र दोन जाड ओंडक्यांच्या घसरगाडीवर बसवलेलं असे. जागा बदलायची झाली की दोराचं टोक पुढच्या बुंध्याला बांधायचं आणि यंत्राने स्वतःलाच ओढत न्यायचं. मला या सगळ्या इतिहासात हा प्रकार सर्वांत जास्त आवडतो.

जमिनीवरून ओढण्यात मोठी अडचण अशी की ओंडक्याचं नाक प्रत्येक खुंटात आणि खड्ड्यात अडकतं. मग एक उंच डग्लस फर झाड निवडून त्यालाच खांब करायची पद्धत आली. एक माणूस पायाला काटे आणि कमरेला पट्टा लावून दीडदोनशे फूट वर चढे, जाताना फांद्या छाटे, शेवटी शेंडा कापून टाकी. शेंडा सुटला की उरलेलं खोड वेड्यासारखं झुले आणि हा माणूस त्याला चिकटलेला! त्याच्या कमरेच्या दोरात पोलादी गाभा असायचा, कारण स्वतःच्याच कुऱ्हाडीने दोर तुटण्याची भीती होती. त्या खांबाला चहूबाजूंनी स्टे (खांब उभा धरणारे ताणलेले दोर) देऊन वर टनभर वजनाची कप्पी चढवत. दोर उंचावरून आल्यामुळे ओंडक्याचं पुढचं टोक उचललं जाई आणि तो खुंटांवरून उड्या मारत येई. दुसऱ्या महायुद्धानंतर झाडाच्या जागी पोलादी मनोरे आले, चाकांवर फिरणारे. कॅनडातल्या मॅडिल कंपनीचा 90 फुटी मनोरा त्या काळच्या लोकांच्या अजून तोंडात असतो.

ऑरेगनमध्ये पोर्टलंडहून समुद्राकडे जाणाऱ्या 26 क्रमांकाच्या महामार्गावर एल्सी गावाजवळ ‘कॅम्प 18’ नावाचं उपाहारगृह आहे. त्याच्या आवारात ही जुनी यंत्रं उघड्यावर मांडून ठेवली आहेत. हिल्सबरोच्या संगणक-चिपांच्या कारखान्यांमुळे त्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. समुद्रावर जाताना ती इथे नाश्त्याला थांबतात आणि मुलं गंजक्या ड्रमवर चढून फोटो काढतात. मुलीकडे गेलो असताना मीही थांबलो. तिथे भेटलेला एक निवृत्त यार्डर-चालक सांगत होता की हात लिव्हरवर असले तरी लक्ष कानात असायचं. ओंडके बांधणारी माणसं अर्धा किलोमीटर खाली, दिसतही नाहीत. सगळा कारभार शिट्ट्यांवर. एक आखूड शिट्टी वाजली तर थांबलेला दोर ओढायचा आणि चालू असेल तर थांबवायचा. वाफेच्या काळात ही शिट्टी वाजवायला एक पोरगा मध्येच कुठेतरी लांब तार धरून उभा असे. नंतर ते काम कमरेला लावायच्या रेडिओ यंत्राने घेतलं, त्याचं नाव टॉकी टूटर. चालक दुसरी गोष्ट बघायचा ती तारेचं पोट.

आता त्या पोटाकडे येऊ.

दोन टोकांना बांधलेल्या तारेच्या मध्यावर वजन लटकवलं की तार खाली येते. ती किती खाली आली याला झोळ म्हणू. टॉवरलाइनवर आम्ही सॅग म्हणायचो. वजन खाली ओढतं, तेव्हा त्याला तोलायला तारेने वर ओढायला हवं. पण तार फक्त स्वतःच्या दिशेने ओढू शकते. ती जवळजवळ आडवी असेल तर तिच्या ओढीतला फारच थोडा भाग वरच्या दिशेला जातो, बाकीचा सगळा आडवा, दोन्ही टोकांच्या खांबांना एकमेकांकडे खेचण्यात फुकट. थोडंसं वर ओढायला मग प्रचंड आडवा ताण लागतो. गॅलरीतली कपड्यांची दोरी सरळ दिसावी म्हणून करकचून बांधली की ओल्या चादरीने खिळाच उपटून येतो, तो याच कारणाने.

हिशेब सातवीच्या गणिताचा आहे. दोन्ही टोकं एका पातळीवर आहेत असं धरू. प्रत्येक बाजूची तार अर्धं वजन पेलते. आडवा ताण म्हणजे हे अर्धं वजन गुणिले गाळ्याची अर्धी लांबी, भागिले झोळ. गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. ते 400 मीटर आणि ओंडके व त्यांना वाहणारी कप्पीगाडी मिळून वजन 5 टन धरा. झोळ 40 मीटर, म्हणजे गाळ्याच्या 10 टक्के असेल तर ताण अडीच गुणिले पाच, साडेबारा टन. झोळ 20 मीटर केला की 25 टन. मेहुण्यांच्या सांगण्यावरून कसून ताणली, 4 मीटरच झोळ ठेवला, तर 125 टन! आणि अगदी सरळ रेषा? तिथे भागाकारात शून्य येतं. वजन लटकलेली तार सरळ ठेवणं कुठल्याच इंजिनाला शक्य नाही.

आता तार किती सोसते ते बघा. एक इंच जाडीचा चांगला पोलादी वायर रोप साधारण 45 टनांना तुटतो. धक्के, झीज, वाकणं धरून त्याच्या एक तृतीयांशावर, म्हणजे 15 टनांवर काम थांबवायचं असा नियम. शिवाय त्याचं स्वतःचं वजन मीटरला पावणेतीन किलो, 400 मीटरला 1100 किलो. ते लांबीभर पसरलेलं असल्याने सूत्र थोडं बदलतं: वजन गुणिले गाळा, भागिले आठपट झोळ. 40 मीटर झोळाला हा ताण सुमारे 1.4 टन, 20 मीटरला पावणेतीन. म्हणजे 10 टक्के झोळाला एकूण जवळपास 14 टन, नियमात बसतं. 5 टक्क्यांना 28 टन, नियम धाब्यावर. (कडेला तार तिरकी असल्याने खरा ताण याहून जरा जास्त असतो, पण तेवढ्यासाठी त्रिकोणमिती काढत नाही.)

उलटा हिशेब आणखी गमतीचा आहे. 15 टनांच्या मर्यादेत 10 टक्के झोळाला तार सुमारे साडेपाच टन वाहते, 5 टक्क्यांना अडीच टनांपेक्षाही किंचित कमी. कप्पीगाडीच एक टनाची धरा. ती दोन्ही वेळा वजा होणार. हातात लाकूड उरलं पहिल्या वेळी साडेचार टन आणि दुसऱ्या वेळी दीड टनाच्या आत. झोळ निम्मा केला आणि माल तिसऱ्या हिश्श्यावर आला. म्हणूनच अनुभवी माणसं यार्डरच्या इंजिनाच्या अश्वशक्तीआधी डोंगराचा आकार विचारतात. मध्ये खोल, वाटीसारखा उतार असेल तर तारेला लोंबायला जागा मिळते. मध्ये फुगलेला उतार असेल तर तार जमिनीला टेकते. मनोरा उंच का हवा तेही यातूनच कळतं. झोळही हवा आणि तार जमिनीच्या वरही हवी.

हा परिच्छेद यंत्रवेड्यांसाठी आहे, इतरांनी ओलांडला तरी चालेल. काही यार्डरांत गाडी जिच्यावरून धावते ती स्थिर तार नसतेच. पुढे ओढणारा आणि मागे ओढणारा असे दोन दोर मिळून गाडीला हवेत धरतात. पुढच्याने ओढायचं आणि मागच्याने त्याच वेळी अडवून धरायचं, नाहीतर ओंडके खाली पडतील. मागच्या दोरात 5 टनांचा ताण ठेवून तो सेकंदाला 5 मीटर सोडायचा झाला तर ब्रेकमध्ये सुमारे 245 किलोवॅट उष्णता होते, म्हणजे सव्वातीनशेच्या वर अश्वशक्ती नुसती पाणी तापवण्यात. पाणी तापवण्यात असं शब्दशः म्हणतोय, कारण ते ब्रेक पाण्याने थंड करावे लागत. त्यावरचा उपाय म्हणजे दोन्ही ड्रम एकमेकांना जोडायचे. मागचा दोर सुटताना आपल्या ड्रमला फिरवतो, तीच शक्ती पुढच्या ड्रमला द्यायची. इंजिनाने फक्त फरक भरायचा. पण एक ड्रम भरत जातो तशी त्यावरच्या गुंडाळीची त्रिज्या वाढते, दुसऱ्याची घटते, आणि मग साध्या दंतचक्रांचं गुणोत्तर क्षणोक्षणी चुकत जातं. म्हणून मध्ये घसरणारा क्लच, डिफरन्शियल किंवा हायड्रॉलिक मोटर लागते. विजेच्या रेल्वेगाडीत ब्रेक लावताना वीज परत मिळते म्हणून आज कौतुक होतं. हे लोक तेच काम जंगलात, चिखलात, दोरांनी करत होते.

जुन्या यंत्रांच्या चित्रांखाली एक वाक्य हमखास असतं, ‘पूर्वीचं लोखंडच वेगळं.’ वेगळं होतं, बहुतेक वेळा हलक्या प्रतीचं होतं. फुटलेली यंत्रं भंगारात गेली, उरलेली आवारात उभी आहेत, म्हणून जुनी सगळी भक्कम वाटतात. त्या काळच्या वाफेच्या रम्य कथांत ठिणग्यांनी लागलेले वणवे येत नाहीत. 1933 साली ऑगस्टमध्ये ऑरेगनमधला टिलमूकचा प्रसिद्ध वणवा अशाच एका तोडणीच्या जागी, ओढल्या जाणाऱ्या ओंडक्याच्या घर्षणातून पेटला असं मानतात. त्यात जवळजवळ एक लाख हेक्टर जंगल गेलं. माणसांचं म्हणाल, तर सगळी आधुनिक साधनं असूनही 2022 मध्ये अमेरिकेत लाकूडतोडीत दर लाख कामगारांमागे सुमारे 100 मृत्यू झाले. सगळ्या धंद्यांची सरासरी चारच्या आत आहे.

मृत्यूचं एक नेहमीचं कारण तारेतच आहे. कप्पीवरून वळलेली ताणलेली तार म्हणजे एक कोन. कप्पीचा आधार सुटला तर तार क्षणात सरळ व्हायला बघते आणि कोनाच्या आत जो उभा असेल त्याला सोबत नेते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, कोनाच्या आत उभं राहायचं नाही.

वायर रोपच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, तो सहसा सूचना देऊन मरतो. जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरातल्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 साली तो वापरात आणला, कारण तिथल्या साखळ्या न सांगता तुटत. एक कडी गेली की साखळी गेली. वायर रोपमध्ये शंभराच्या वर बारीक तारा असतात, त्या एकेक करून तुटतात आणि बाहेर टोकं दिसू लागतात. ती मोजायची, ठरावीक लांबीत ठरावीक संख्येच्या वर गेली की रोप बाद. आपल्याकडे खंडेनवमीला क्रेनच्या दोरालाही हळदकुंकू लागतं. श्रद्धेने लावा, पण लावण्याआधी टोकं मोजा, कारण कुंकवाच्या लेपाखाली ती दिसत नाहीत.

असे यार्डर आपल्याकडे रुजले नाहीत. गडचिरोलीतलं सागवान बरंचसं सपाटीचं, आणि तिथल्या कमलापूरचे हत्ती पूर्वी ओंडक्यांच्याच कामाला होते. हत्तीला झोळाचं गणित लागत नाही.

अमेरिकेत मात्र ते तोडणीच्या आधीच मांडावं लागे. संगणक नव्हते तेव्हाची युक्ती अशी: डोंगराच्या उताराचा उभा छेद कागदावर प्रमाणात काढायचा, तो कागद भिंतीवरच्या फळीवर लावायचा आणि मनोरा व तारेचं दुसरं टोक बांधायचा खुंट यांच्या जागी दोन टाचण्या मारून त्यांच्यामध्ये एक बारीक साखळी लोंबती सोडायची. मध्ये बोटाने खाली दाबली की तार कुठे जमिनीला टेकते ते दिसतं. झोळ पट्टीने मोजायचा आणि तक्त्यावरून टन वाचायचे. आज विमानातून लेसरने मोजलेल्या जमिनीच्या नकाशावर हेच काम सेकंदात होतं, सूत्र तेच.

उतार मध्ये फुगलेलाच निघाला तर आल्प्समधले लोक वापरतात तो उपाय असा: फुगवट्यावरचं एक भक्कम झाड न तोडता ठेवायचं, त्याला स्टे द्यायचे आणि तार त्याच्यावरून उचलून घ्यायची. 400 मीटरचा एक गाळा 200 मीटरचे दोन झाले. 10 टक्के झोळाला आता 40 मीटरची दरी लागत नाही, प्रत्येक गाळ्यात 20 मीटर पुरतात. फक्त कप्पीगाडी अशी बनवावी लागते की त्या झाडावरच्या आधारावरून ती न अडता पार होईल. त्यासाठी आधार एका बाजूने तार धरतो आणि गाडीची चाकं दुसऱ्या बाजूने उघडी असतात.