मालेराव होळकरांची बाधा

इंदूरच्या होळकर घराण्यातील मालेराव (मृत्यू १७६७) यांचे वेड आणि अकाली मरण यांविषयीची आख्यायिका. निरपराध मारल्या गेलेल्या एका कारागिराने पिशाच होऊन मालेरावांना धरले, आई अहिल्याबाईंनी त्याच्या हातापाया पडून पाहिले, पण त्याने प्राण घेतल्याशिवाय सोडले नाही, असा तिचा गाभा आहे. तिचे प्रसिद्ध लेखी रूप ब्रिटिश अधिकारी सर जॉन माल्कम यांच्या ‘अ मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८२३) या दोन खंडी ग्रंथात सापडते.

मालेरावांचे वडील खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पडले. आजोबा मल्हारराव मे १७६६ मध्ये आलमपूर येथे वारले आणि दौलत नातवाकडे आली. ती त्यांच्याकडे जेमतेम नऊ महिने राहिली. माल्कम त्यांना दुबळ्या, अस्थिर बुद्धीचा तरुण म्हणतो आणि त्यांच्या खोड्यांची यादी देतो: ब्राह्मणांना द्यायच्या वस्त्रांत आणि जोड्यांत विंचू ठेवायचे, रुपयांनी भरलेल्या घड्यात विषारी प्राणी सोडून भिक्षुकांना त्यात हात घालायला लावायचे. दानधर्मासाठी ज्या बाईचे नाव पुढे काशीपासून रामेश्वरापर्यंत झाले, तिच्याच दारी हे चालले होते, असे ही कथा सांगते. पुढच्या प्रसंगाची तयारी म्हणून सांगणाऱ्यांनी या खोड्यांना थोडे मीठमसाला लावलेही असेल.

मूळ प्रसंग असा. वाड्यातल्या एका दासीशी जरीकाम करणाऱ्या एका कारागिराचे संबंध असल्याचा संशय मालेरावांना आला आणि मत्सराच्या भरात त्यांनी त्याला ठार केले. कारागिराजवळ काही सिद्धी असल्याची लोकांची समजूत होती. मला मारलेस तर भयंकर सूड घेईन, असे त्याने आधीच बजावले होते म्हणतात. तो निर्दोष होता हे नंतर उघड झाले. पश्चात्तापाने मालेराव अंथरुणाला खिळले, बरळू लागले आणि ते बरळणे मेलेल्याचे आहे असे सर्वांनी मानले. अहिल्याबाई दिवसरात्र उशाशी बसून राहिल्या. मुलाच्या तोंडून जो बोलत होता त्याच्याशी त्या बोलल्या, रडल्या, देवाला आळवले. तू याला सोड, तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर लावून देते, असे वचन त्यांनी दिले. निरपराध असताना याने मला मारले, मी याचा जीव घेणार, एवढेच उत्तर येत राहिले.

या बोलाचालीतली प्रत्येक गोष्ट मराठी माणसाच्या ओळखीची आहे. बाधा झालेल्याला नाव विचारायचे, काय हवे ते विचारायचे आणि मागेल ते देऊन वाटेला लावायचे, हीच देवऋषी-मांत्रिकांची रीत. अपघाती किंवा अन्यायाने मेलेल्याला स्थान द्यायचे, दगड बसवायचा, दिवा लावायचा, म्हणजे तो त्रास द्यायचा थांबतो आणि कधी राखणही करतो. लढाईत पडलेल्याच्या मुलांना बालपरवेशीचे इनाम देण्याची पद्धत मराठी दौलतीत रूढ होती. अहिल्याबाईंनी देऊ केले ते या सगळ्या रूढींचे राजघराण्याच्या ऐपतीचे रूप आहे. भुताखेतांच्या बहुतेक गोष्टी इथे मिटतात. ही मिटत नाही, कारण मेलेला काही मागतच नाही. उतारा नाही, नैवेद्य नाही, देऊळही नको. सौदा फिसकटल्यामुळे कथेत ते देऊळ उभेच राहत नाही.

माल्कमने या पिशाचाला ‘जिन’ म्हटले आहे. कारागिराचे नाव मात्र त्याने दिलेले नाही. कोकण-देशावरच्या वर्गवारीत त्याला समंध म्हणावे की खवीस, हे त्याची जात-धर्म कळल्याशिवाय ठरत नाही. युरोपातल्या रक्तपिपासू पिशाचाशी त्याचे नाते लावायचे तर फरक डोळ्यांत भरतो. सर्बियातून १७२५ आणि १७३२ मध्ये ज्या बातम्या व्हिएन्नाला पोहोचल्या, त्यांत थडगे उकरून प्रेत ताजे आहे का हे पाहत आणि छातीत खुंटा ठोकत. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने असल्या उकराउकरीला बंदी घातली. तिथला मेलेला स्वतःच्या देहानिशी येतो, त्यामुळे त्याचा बंदोबस्तही देहावरच होतो. प्रेत जाळणाऱ्या समाजात मेलेल्याला परत यायला दुसऱ्याचाच देह लागतो. इथे तो खुन्याचाच निवडला गेला, आणि या आख्यायिकेची भीती त्यात आहे. इंग्रजीत भुताटकीच्या कादंबरीचा प्रकार सुरू झाला तो १७६४ मध्ये, मालेरावांच्या मृत्यूच्या तीनच वर्षे आधी. माल्कमचे इंग्रज वाचक त्यावर वाढलेले होते. तो स्वतः मात्र हा सगळा हिंदुस्थानी भोळसटपणा मानतो आणि अहिल्याबाईंच्या चरित्राला जोडलेला आहे म्हणूनच नोंदवतो, असे बजावतो. नोंदवतो पण सविस्तर.

माळव्यात माल्कम आला तो होळकर आणि इंग्रज यांच्यात झालेल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहाच्या सुमारास. म्हणजे त्याने ऐकलेली गोष्ट पन्नास वर्षे लोकांच्या तोंडात घोळलेली होती. सांगणाऱ्यांना अहिल्याबाई देवीसारख्या होत्या आणि या माहितीचे वजन करताना ते लक्षात ठेवावे लागते. आईनेच वेड्या मुलाचा काटा काढला, अशी कुजबुजही त्या काळी होती. माल्कमने तिची चौकशी केली आणि ती खोटी ठरवली. पिशाचाची कथा या कुजबुजीला आयते उत्तर देते: मारणारा कोण ते तीत ठरलेले आहे आणि त्याला मारण्याचा हक्कही आहे. अफवेला तोंड देण्यासाठीच ती रचली असे म्हणायला आधार नाही, पण ती टिकून राहण्यामागे हे कारण असावे.

आजच्या इंदुरात मालेरावांची दुसरीच गोष्ट जास्त ऐकू येते. राजवाड्याजवळच्या रस्त्यावर त्यांच्या रथाखाली वासरू मेले. अहिल्याबाईंनी मुलालाही तसेच रथाखाली घालण्याचा निवाडा दिला. सारथी तयार होईना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या, पण त्याच वासराची गाय पुन्हा पुन्हा रथाला आडवी आली आणि मुलगा वाचला. आडा बाजार हे नाव त्यावरून पडले, असे तिथले दुकानदारही सांगतात. दोन्ही गोष्टींत अपराधी तोच, आई तीच, निरपराधाचा जीवही गेलेला. गाय क्षमा करते, कारागीर करत नाही. पुतळ्यांना, शाळेतल्या भाषणांना आणि कीर्तनाला गाईची गोष्ट सोयीची, त्यामुळे कारागिराची मागे पडली. तीत न्यायी राणी हतबल होऊन एका मेलेल्या जरीकाम करणाऱ्यापुढे पदर पसरते. माझ्या मते दोहोंतली जास्त खरी माणसे तिच्यातच आहेत.

मालेरावांच्या मृत्यूनंतर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांना फौजेसह बोलावले. अहिल्याबाईंनी त्यांना दाद दिली नाही. पेशवे माधवरावांचा पाठिंबा मिळवून त्यांनी कारभार हाती घेतला आणि फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली. राजधानी महेश्वरला गेली. तिथेच १७९१ मध्ये कन्या मुक्ताबाई सती गेली. तिलाही त्या अडवू शकल्या नाहीत. तिच्या आठवणीसाठी त्यांनी छत्री बांधली.