पानावरचं वर्तुळ गोल नसतं

भाचीच्या वर्गासाठी घड्याळांचे २४ सरावाचे कागद हवे होते. प्रत्येक घड्याळात दोन काटे आणि त्यांच्यामधला कोन दाखवणारा छोटा कंस. हाताने कोण काढत बसणार, म्हणून स्क्रायबस या फुकट मिळणाऱ्या, छपाईची पानं मांडायच्या (डीटीपी) सॉफ्टवेअरमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. कंसाचं टोक ६० अंशांवर हवं होतं, ते जाऊन बसलं नऊच्या आकड्याच्या जरा वर.

चूक माझीच. पायथनमधलं साइन रेडियन मागतं (एक रेडियन म्हणजे त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाचा कोन, साधारण ५७.३ अंश), मी अंश दिले. ६० रेडियन म्हणजे नऊ पूर्ण फेऱ्या आणि वर साधारण १९८ अंश. त्यात पानावरचा वाय-अक्ष शाळेच्या आलेखासारखा वर जात नाही, वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उतरतो. त्यामुळे साइन-कोसाइनने काढलेला बिंदू घड्याळाच्या दिशेने सरकतो. याच सॉफ्टवेअरमधली वस्तू फिरवण्याची आज्ञा मात्र अंशच घेते आणि धन कोन घड्याळाच्या उलट फिरवते. एका स्क्रिप्टमध्ये दोन एककं आणि दोन दिशा, तीही घड्याळ काढताना!

रेडियन हे वाटतं तितकं परकं प्रकरण नाही. आर्यभटाच्या कोष्टकात (इ.स. ४९९) वर्तुळाचा परीघ २१६०० कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि त्रिज्या ३४३८ कला येते. एका रेडियनमध्ये कलाही जवळपास तेवढ्याच, म्हणजे कंस आणि त्रिज्या एकाच मापाने मोजलेले. म्हणूनच त्याच्या २२५ कलांच्या कंसाची 'ज्या' (त्रिज्येने गुणलेलं आजचं साइन) सुद्धा २२५ च भरते. (पायथन आर्यभटाला माहीत होतं असा फॉरवर्ड कृपया काढू नका.)

आता मला खरी आवडलेली गोष्ट. पान छापायला जातं ते पीडीएफ होऊन. पीडीएफच्या भाषेत वर्तुळ काढण्याची आज्ञाच नाही. सरळ रेषा आहे, आयत आहे आणि बेझियर वक्र आहे. गोल टोकांच्या रेषेची पळवाट (शून्य लांबीच्या जाड रेषेला गोल टोकं दिली की गोल ठिपका उमटतो) सोडली, तर पीडीएफमध्ये रेखाटलेलं वर्तुळ हे बेझियर वक्रांचं, सहसा चार वक्रांचं, सोंग असतं. हे वक्र मोटारींच्या पत्र्यांसाठी जन्मले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्टेल्जो १९५९ पासून त्यांवर काम करत होता, पण कंपनीने ते गुपित ठेवलं आणि नाव लागलं रेनोच्या पियर बेझियरचं.

या वक्राला चार बिंदू लागतात: दोन टोकं आणि दोन हँडल. हँडल टोकापाशी स्पर्शिकेची दिशा धरून वक्राला ओढतात. त्रिज्या १ धरून पाव वर्तुळ काढू. टोकं (१, ०) आणि (०, १), हँडल (१, क) आणि (क, १). क किती? वक्राच्या मधोमध चार बिंदूंचं वजन १, ३, ३, १ असं पडतं, भागिले ८. तेव्हा मधल्या बिंदूचा एक्स = (१ + ३ + ३क + ०) ÷ ८. तो ४५ अंशांवर, म्हणजे ०.७०७१ हवा. सोडवा: क = ०.५५२३. पीडीएफमधल्या बहुतेक वर्तुळांत हा किंवा याच्या अगदी जवळचा आकडा दडलेला असतो. यात सुवर्ण गुणोत्तरासारखं गूढ वगैरे काही नाही, आठवीचं समीकरण आहे.

टोकं आणि मध्य अचूक बसले, पण अधेमधे वक्र वर्तुळाबाहेर किंचित फुगतो, जास्तीत जास्त ०.०२७ टक्के. १० सेंटिमीटर त्रिज्येला हा फुगवटा ०.०२७ मिलिमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तो शून्यावर आणता येईल का? नाही. एक्स आणि वाय हे दोन्ही 'ट'च्या (वक्रावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ० ते १ जाणारा आकडा) घातांनी बनलेले. त्यांचे वर्ग करून बेरीज केली की सर्वांत मोठ्या घाताची पदं धनच येतात, एकमेकांना खोडू शकत नाहीत. मग बेरीज कायम १ राहणार कशी?

९० ऐवजी कुठलाही कोन असेल तर हँडलची लांबी = त्रिज्या × ४/३ × टॅन(कोन ÷ ४). ६० अंशांना ०.३५७. कोन निम्मा केला की चूक सुमारे ६४ पटींनी घटते. उलट अख्खं अर्धवर्तुळ एकाच वक्रात कोंबलं तर चूक १.८ टक्क्यांवर जाते आणि डोळ्यांनाही खटकते. म्हणून मोठा कंस ९० अंशांच्या आतल्या तुकड्यांत मोडायचा.

शेवटचा घोळ ११ वाजून ५ मिनिटांच्या घड्याळात निघाला. बारापासून मोजलं तर तासकाटा ३३२.५ अंशांवर, मिनिटकाटा ३० वर. वजाबाकी उणे ३०२.५, आणि कंस उलट्या बाजूने जवळजवळ सगळी तबकडी फिरून आला. ३६० ने भागून बाकी घेतली की ५७.५ मिळतात, पण हे पायथनमध्ये. इनडिझाइन या दुसऱ्या डीटीपी सॉफ्टवेअरसाठी जावास्क्रिप्ट या भाषेत लिहीत असाल तर तिथली बाकी उणे ३०२.५ च राहते. आधी ३६० मिळवून घ्या.