पोथी वाचणं आणि पारायणाला बसणं

"मामा, गीता अख्खी वाचली. अर्थासकट. बरीचशी पटलीसुद्धा. मग श्रद्धा का बसत नाही?"

भाच्याने हे विचारलं तेव्हा ठाणे-वाशी गाडीने रबाळे सोडलं होतं. तो ऐरोलीला नोकरी करतो. त्या दिवशी सुट्टी टाकून आमच्याकडे कोपरखैरणे गावात सप्ताहाला येत होता. गीतेचे सातशे श्लोक त्याने दोन महिन्यांत याच गाडीत मोबाइलवर वाचले होते. प्रश्नात टवाळी नव्हती. वडील गेल्यापासून तो काहीतरी शोधतो आहे, हे मला ठाऊक होतं. उतरायला दोन स्टेशनं उरली होती, तेवढ्यात काय सांगणार? राहिलेलं इथे लिहितो.

गल्लत शब्दापासूनच होते. 'तो ज्ञानेश्वरी वाचतोय' असं आपण म्हणतो आणि 'ती ज्ञानेश्वरी वाचायला बसलीय' असंही म्हणतो. कानाला दोन्ही सारखंच. पण पहिल्यात वाचन आहे, दुसऱ्यात पारायण. ग्रंथ तोच, ओव्या त्याच. तरी ही दोन कामं वेगळी आहेत, आणि एकाकडून दुसऱ्याचं फळ मागितलं की भाच्यासारखी निराशा येते.

वाचन म्हणजे थांबणं. अडलं की मागे जाणं, अर्थ बघणं, पटलं नाही तर तसं म्हणणं. ज्ञानेश्वरी मी पहिल्यांदा अशीच वाचली, सव्वा वर्ष लागलं. तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका शब्दावर माउली शंभरावर ओव्या खर्च करतात. अहिंसक माणूस जमिनीवर पाय कसा ठेवतो, हे सांगताना ही ओवी येते:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥

या ओवीवर मी तीन दिवस अडकलो होतो. आतला केसर चुरगळेल या शंकेने भुंगा पाय हलके ठेवतो! भाषा एवढी नाजूक होऊ शकते, याने मी हरखून गेलो. पण खरं सांगायचं तर ते हरखणं कवितेचं होतं. देवाशी माझं काही जुळलं नव्हतं.

पारायणात थांबायची सोय नाही. सुमारे ९,००० ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे दिवसाला जवळजवळ १,३००. व्यासपीठ चालवणारे महाराज पुढे, मागे रांगेने पाट मांडून बसलेले वाचक, सगळ्यांचा एक सूर. मिनिटाला चार-पाच ओव्या पुढे सरतात. भुंग्याची ती ओवी आली आणि पंधरा सेकंदांत गेली. मला वाईटच वाटलं. इतकी सुंदर ओवी अशी हातातून निसटू द्यायची?

माझ्या शेजारच्या रांगेत एक आजी होत्या. अक्षरओळख बेताचीच. बोट ओळीखाली सरकायचं, पण त्या वाचत होत्या कानाने. बाकीच्यांनी पान उलटलं की त्याही उलटायच्या. सुट्टी झाली तेव्हा त्या उठल्या आणि दोन रांगांमधून निघाल्या. सगळीकडे उघडे ग्रंथ, चष्मे, कुणाचे पाण्याचे तांबे. आजी लुगडं हाताने आवरून, चवडा आधी टेकवून, एकेक पाऊल तपासून टाकत होत्या. कुणाच्या ग्रंथाला पाय लागू नये म्हणून. भुंग्याच्या ओवीचा अर्थ त्यांना विचारला असता तर सांगता आला असता की नाही, माहीत नाही.

आता 'श्रद्धा बसणं' या शब्दप्रयोगाकडे बघा. मराठीत गोष्ट पटते ती एका क्षणात, पण श्रद्धा बसते. हात बसतो, घडी बसते, गळा सुराला बसतो, तशी. हात बसायला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, तेही शिकवणाऱ्याच्या शेजारी. सुतारकामाचं पुस्तक पाठ असलेल्या माणसाचा रंधा सरळ चालेलच असं नाही. भाच्याला गीता पटली होती. ती बसावी असं मात्र त्याने अजून काही केलं नव्हतं.

गीता स्वतः काय म्हणते तेही पाहण्यासारखं आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, सत्तराव्या श्लोकात श्रीकृष्ण म्हणतात, आपल्या या संवादाचं जो अध्ययन करील त्याने ज्ञानयज्ञाने माझी पूजा केली असं मी मानतो. लगेच पुढच्या श्लोकात ऐकणारा येतो: 'श्रद्धावाननसूयश्च शृणुयादपि यो नरः'. जो श्रद्धेने, दोष न काढता नुसता ऐकतो, तोही मुक्त होतो. दोघांनाही मान आहे. पण श्रद्धा हा शब्द इथे ऐकणाऱ्याला लागला आहे, आणि तीही तो सोबत घेऊनच आला आहे. वाचलंस की श्रद्धा येईल, असं इथे कुठे म्हटलेलं नाही. चौथ्या अध्यायात तर ज्ञानासाठी नमस्कार, प्रश्न आणि सेवा सांगितली आहे. माउलींनी ते आणखी उघड केलं: 'तें ज्ञान पैं गा बरवें । जरी मनीं आथि आणावें । तरी संतां यां भजावें । सर्वस्वेंसीं'. माणसांकडे जा, असं खुद्द ग्रंथच सांगतो.

मग नुसत्या वाचनाने कुणालाच श्रद्धा लाभली नाही का? लाभली आहे, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांनी वाचायला घेतलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्यांचा, समाजाचा रोष पत्करून.

ही गोष्ट 'एकटं पुस्तक पुरतं' याचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मला ती तशी दिसत नाही. टिळक त्याआधीच धर्माच्या प्रश्नाने अस्वस्थ होते. पुस्तक एका माणसाने हातात ठेवलं होतं. वाचल्यावर मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार झाला. आणि ते स्वतः पुढे सांगत की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. लहानपणापासून कानावर पडलेल्या अभंगांनी जमीन आधीच नांगरून ठेवली होती. तरीही वाचनाचं श्रेय मी कमी करणार नाही. ते पुस्तक न वाचता ते तिथे पोचलेच नसते.

बाबासाहेबांचंही थोडं असंच. शाळकरी वयात कृष्णराव केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली सगळी वर्षं वाचनाची, तपासण्याची आणि लढ्याची होती. आणि दीक्षेच्या दिवशी ते एकटे नव्हते, लाखो माणसं बरोबर होती.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो तुकोबांचा हिशेब. 'याति शूद्र वंश केला वेवसाव' या अभंगात त्यांनी आपली वाट स्वतःच सांगितली आहे आणि तिचा क्रम फार मोलाचा आहे. आधी दुष्काळ. पैसा गेला, मान गेला, बायको 'अन्न अन्न' करत गेली. मग भंगलेलं देऊळ दिसलं आणि ते दुरुस्त करावंसं वाटलं. मग 'आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं'. सुरुवातीला मन लागत नव्हतं, हे तुकोबा सांगतात! नंतर पुस्तक येतं: 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां'. आणि त्याच्यापुढे, जे गात होते त्यांच्या मागे उभं राहून धृपद, म्हणजे पालुपद, धरणं. शब्द आहेत, पण ते पडक्या देवळाची डागडुजी आणि दुसऱ्याच्या मागे गाणं यांच्या मधोमध आहेत. याच अभंगात ते असंही म्हणतात की खऱ्याखोट्याला मी माझं मन साक्षी ठेवलं, बहुमत मानलं नाही. म्हणजे वाचणाऱ्याची तपासणीही त्यांनी सोडली नव्हती.

हे सगळं वाचून पारायणाला झुकतं माप दिलं असं वाटेल. दिलंच आहे, पण त्यातला धोकाही मी पाहिला आहे. कितवं पारायण चाललंय, हे सांगण्यात काहींचा उत्साह संपतो. बिछायतीवर जागा कुणाची यावरून भांडणं होतात. ओवी तोंडातून जाते आणि कानातही शिरत नाही. 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वाहावा भार माथां' हे तुकोबांनी केलेलं हमालीचं वर्णन पाठ करणाऱ्यालाही लागू पडतं. अर्थ न बघता वर्षानुवर्षं पारायण करणाऱ्याने एकदा तरी सवडीने, अडत अडत वाचावं. मी सव्वा वर्ष घातलं नसतं, तर आजींच्या पावलांकडे माझं लक्षही गेलं नसतं.

भाच्याला गाडीतून उतरताना मी इतकंच म्हणालो की पुस्तकाला दोष देऊ नकोस, स्वतःलाही नको. सिडकोने भोवती सेक्टर उभे केले, शेतं गेली, पण गावचा सप्ताह चालू आहे. तिथे पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. ग्रंथ नसेल तर मिळतो, टाळही मिळतो. वीणा सात दिवस-रात्र खाली ठेवायची नसते, पहारे वाटलेले असतात आणि रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला नेहमीच माणूस कमी पडतो. "मला काहीच येत नाही," तो म्हणाला. त्या पहाऱ्याला काही यावं लागत नाही. वीणा गळ्यात घ्यायची, नाम घेत उभं राहायचं आणि चार वाजता पुढचा आला की एकमेकांच्या पाया पडून ती त्याच्या गळ्यात घालायची. त्याने यादीत नाव लिहिलं, तिसऱ्या रात्रीसाठी.